धूर न होऊ देणारा माणूस

गल्लीत त्यांना सगळे बॉयलरकाका म्हणत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, ज्या बॉयलरवरून हे नाव पडलं तो भंगारात जाऊनही चार झाली होती, पण नाव काही सुटलं नाही. कोणी चुकून खऱ्या नावाने हाक मारलीच, तर काकाच क्षणभर इकडेतिकडे बघत.

एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखात्यात त्यांनी चौतीस वर्षं बॉयलर सांभाळला. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं त्यांच्या वाफेवर धुतलं जाई. काम सांगायला सोपं होतं: कोळसा टाका, पाणी बघा, वाफ द्या. पण काकांना विचारलं तर ते सांगत, हे काम हातांचं नाहीच, मानेचं आहे. दर दहा मिनिटांनी बाहेर यायचं आणि मान वर करून धुराड्याकडे बघायचं. धूर दिसला की समजायचं, हवा कमी पडतेय, कोळसा पुरता जळत नाहीये, आणि आपलं लक्ष नाहीये. धूर म्हणजे फुकट गेलेलं जळण, धूर म्हणजे आळस. खात्यात नवा माणूस आला की ते त्याला पहिल्या दिवशी हेच सांगत, आणि तो हसला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगत.

हे वेड त्यांच्या डोक्यात शिरलं ते नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. एका दुपारी ते कोणाशी तरी गप्पांत रंगले, हवेची झडप अर्धवट मिटलेली राहिली आणि धुराड्याने काळाकुट्ट लोट सोडला. समोरच्या गच्चीवर चारशे चादरी वाळत होत्या. चारशेच्या चारशे पुन्हा धुवाव्या लागल्या. साहेबांनी दोन ओळींचं कडक पत्र दिलं, ते काकांनी लोक प्रशस्तिपत्र ठेवतात तसं जपून ठेवलं. त्यानंतर बत्तीस वर्षं त्या धुराड्याने तोंड काळं केलं नाही. सकाळी भट्टी पेटताना काय थोडं निघायचं तेवढंच, आणि तेही काकांना लागायचं.

त्या काळ्या लोटाने एक काम मात्र चांगलं केलं. रस्त्यापलीकडे टपाल कचेरी होती. तिथे तीन नंबरच्या खिडकीवर नुकतीच लागलेली एक मुलगी बसायची आणि तिला समोर ते धुराडं दिसायचं. दुसऱ्या दिवशी पाकीट घ्यायला एक तरुण आला. मानेला काजळी, चेहरा पडलेला. तिने पाकीट पुढे सरकवत विचारलं, "कालचा धूर तुमचाच का?" तरुण इतका ओशाळला की सुट्टे पैसे न घेताच निघाला. पैसे घ्यायला तो परत आला, मग उगाचच येत राहिला. त्याच या काकू. पुढे बत्तीस वर्षं त्या खिडकीतून धुराड्यावर नजर ठेवून होत्या, आणि नवऱ्याच्या बाबतीत सांगण्यासारखं काय, असं कोणी विचारलं तर म्हणत, "धूर होऊ देत नाहीत."

खाण्याच्या बाबतीत दोघांची दोन टोकं. काका पानात पडेल ते खाणार आणि काय खाल्लं ते हात धुताना विसरणार. काकू मात्र जातिवंत खवय्या. मैत्रिणीकडे जेवून आल्या की रात्रभर त्या जेवणाविषयी बोलत. मिरी जाडसर कुटलेली की बारीक, हे त्यांना घासाआधी वासावर कळे. लोणी एक दिवस शिळं असलं तर त्या दुकानदाराला तसं तोंडावर सांगत, आणि दुकानदार कबूल करी.

आठ महिन्यांपूर्वी काकूंना ताप आला. आठवडाभराने तो गेला आणि जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, परत येईल, कदाचित नाहीही येणार. मुलगी दोन रस्ते पलीकडे राहायची. तिने कुठेतरी वाचून लिंबाची साल, लवंगा, कापूर आणि कॉफी अशा चार बाटल्या आणल्या. सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या आणि काय वाटलं ते वहीत लिहायचं. चार महिने काकूंनी इमानेइतबारे लिहिलं: काही नाही, काही नाही, काही नाही. एका सकाळी औषधाची कडू गोळी चुकून दाताखाली फुटली. काका आणि नेमकी तेव्हा आलेली मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. काकू गोळी चघळत राहिल्या, एखादा खडा चघळावा तशा. मग त्यांनी चारही बाटल्या डब्यात भरल्या आणि डबा मुलीच्या हातात दिला.

"आता माझ्यावर प्रयोग नकोत," त्या म्हणाल्या. "रोज उठून नापास व्हायचा कंटाळा आला मला."

तसं वचनच त्यांनी दोघांकडून घेतलं.

त्यानंतर जेवणाविषयी काकूंकडे तीनच शब्द उरले. मऊ, कडक आणि गरम. "छान मऊ आहे," त्या म्हणत आणि अर्ध्या पानावरून उठत. काकांना जन्मात कधी पानातलं काही कळलं नव्हतं, पण हे तीन शब्द त्यांना कळत. काकूंची अंगठी बोटातून सुटायला लागली म्हणून त्यांनी तिला आतून दोरा गुंडाळला. महिन्याभराने आणखी गुंडाळला. काका तो दोरा रोज बघत.

पानगळीचे दिवस होते. काकू पुढच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होत्या आणि एकदम थांबल्या.

"अहो, काही जळतंय का?"

काका वाचत होते. त्यांना ना काही दिसलं, ना काही जाणवलं. ते उठून मागे धावले. मागच्या घरातले मास्तर अंगणात पालापाचोळा पेटवून काठीने ढोसत उभे होते. पुढच्या खोलीतून ते अंगण दिसत नाही, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. ते उलट पावली परत आले, तर काकू घड्या करायला लागल्या होत्या.

"गेलं," त्या म्हणाल्या. "भास असेल."

"असेल," काका म्हणाले.

पुढचे दोन दिवस त्यांचं कशात लक्ष लागेना. लवंग आत शिरली नाही, कापूर शिरला नाही, पण धूर शिरला. मग धुरातूनच जेवण आत का जाणार नाही? विचार साधा होता. अडचण फक्त वचनाची होती. हा प्रयोग आहे असा काकूंना नुसता संशय आला असता तरी त्यांनी पानाला हात लावला नसता. आणि प्रयोग फसला असता तर त्या पुन्हा एकदा नापास झाल्या असत्या, या वेळी नवऱ्याच्या हातून. म्हणून काकांनी ठरवलं, हा आपला छंद. म्हातारपणी सुचलेला आणि हसण्यासारखा.

रविवारी मुलगी आली तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "मला कोळशावर भाजायची शेगडी घ्यायचीय. झाकणाची."

मुलीचा घास अडकला. "बार्बेक्यू? बाबा, तुम्ही जन्मात कधी चहा केला नाहीत."

"चहात जाळ कुठे असतो?"

"घेऊ दे गं त्यांना," काकू म्हणाल्या. "सहा वर्षं भट्टीचं तोंड बघितलं नाही, जीव कासावीस झाला असेल."

दोघी बराच वेळ हसल्या. काकांनी हसू दिलं.

बागेची अवजारं आणि असलंतसलं सामान विकणारं एक दुकान बाजाराच्या टोकाला होतं. दुकानवाल्या बाईंचा चष्मा साखळीने गळ्यात लोंबत असे आणि गिऱ्हाईकाने नको ते विचारलं की त्या तो डोळ्यांवर चढवत. काका पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "काका, नुसतं भाजायचंय की धुरीही द्यायचीय?"

"दोन्ही."

बाईंनी तीन शेगड्या दाखवल्या. एक उघडी, पसरट, ट्रेसारखी. तिच्यावर भाजणं झटपट होतं, पण झाकण नाही, त्यामुळे धूर वाऱ्यावर. दुसरी उभी, पिंपासारखी, खाली निखारे आणि वर दोन मजले जाळ्या. धुरीला उत्तम, पण पटकन चार कणसं भाजायची म्हटलं तर ती निम्मा दिवस घेणार. तिसरी गोल, तीन पायांची, घुमटासारख्या झाकणाची, खाली एक झडप आणि वर एक. निखारे एका बाजूला सारायचे, खाणं दुसऱ्या बाजूला ठेवायचं, झाकण लावायचं. दोन्ही कामं होतात.

एखाद्याने तिसरी उचलली असती आणि घरी गेला असता. काकांनी खिशातून टॉर्च काढला, पेटवून शेगडीत ठेवला, झाकण लावलं आणि दुकानात गुडघ्यांवर बसून तिच्याभोवती फिरले. कुठून उजेड बाहेर येतो ते बघत होते. मग कागदाची पट्टी झाकणाच्या कडेत धरून झाकण मिटलं आणि पट्टी ओढून पाहिली. सुळकन निघाली तर तिथे फट. असं बारा ठिकाणी केलं. झडपा शंभर वेळा उघडून मिटल्या. पत्रा नखाने वाजवून बघितला. दोन गिऱ्हाइकं आपलं काम सोडून हे बघत उभी राहिली.

त्याच प्रकारातली एक स्वस्त शेगडी काकांनी लगेच नापास केली. "हिच्या झाकणातून उजेड सांडतोय. हवा कुठूनही घुसेल. जाळावर आपला ताबा राहणार नाही."

चौथ्या खेपेला बाईंनी चष्मा चढवला. "काका, शेगडी बघताय की जावई?"

"जावई मुलीनेच बघितला," काका म्हणाले. "हे मलाच बघावं लागणार."

शेवटी त्यांनी सगळ्यात जड, जाड मुलाम्याची आणि घट्ट झाकणाची शेगडी घेतली. लाकडी कोळशाची गोणी घेतली. बाईंनी सोबत फळझाडाच्या लाकडाच्या ढलप्यांची पिशवी दिली आणि म्हणाल्या, निखाऱ्यावर मूठभर टाका. काकांनी मान डोलावली.

पहिल्या रविवारी त्यांनी मागच्या अंगणात शेगडी पेटवली. पेटवली म्हणजे काय, मांडणीच केली. कोळसे आकाराने निवडले, मोठे खाली, बारीक वर. दोन्ही झडपा सताड उघड्या ठेवल्या. निखाऱ्यांवर राखेचा सारखा पांढरा थर येईपर्यंत थांबले. तोंडात विरघळेल इतकी लुसलुशीत कोंबडी भाजून झाली आणि झाकणाच्या झडपेतून धुराचा एक धागा म्हणून वर गेला नाही. काका मान वर करून रिकाम्या आभाळाकडे बघत होते. किती दिवसांनी त्यांना इतकं बरं वाटलं होतं.

काकूंनी घास घेतला. काका दुसरीकडे बघत असल्याचं नाटक करत होते.

"छान मऊ आहे," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या रविवारी त्यांनी ढलप्या टाकल्या. मूठभर नाही, चार मुठी. झडपा उघड्याच होत्या, हवा भरपूर होती, ढलप्यांनी भपकन पेट घेतला आणि दोन मिनिटांत जळून गेल्या. स्वच्छ, पिवळ्या ज्वाळेने. जाळ म्हणून बघायला झकास.

"गरम आहे," काकू म्हणाल्या. त्यांनी अर्धा तुकडा बाजूला सारला, आणि बशी उचलताना अंगठी टेबलावर निसटून पडली.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी काका दारात उभे होते. "बाई, शेगडी खराब आहे. धूर होत नाही."

बाईंनी चष्मा चढवला. "झडपा किती उघडता?"

"पूर्ण."

"दोन्ही?"

"मग? हवा नको?" आणि काकांनी तिथल्या तिथे त्यांना जाळाचं शास्त्र समजावून सांगितलं. हवा कशी खालून यायला हवी, राख कशी सतत झाडायला हवी, ढलपी धुमसायच्या आत तिला ज्वाळेने कसं पकडायला हवं. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं.

"काका," त्या म्हणाल्या, "शेगडी ठणठणीत आहे. धूर व्हायच्या आत तुम्हीच तो जाळून टाकताय. हवा तोडा. वरची झडप पाव ठेवा, खालची त्याहून कमी. जाळ गुदमरला पाहिजे. पातळ, निळसर धूर आला की बास."

जाळ गुदमरला पाहिजे. घरी येताना काका हे वाक्य मनात घोळवत होते आणि ते त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी ज्या गोष्टीवर पोट भरलं, नाव मिळवलं, बायको मिळवली, तीच नेमकी इथे आड येत होती. काकू उपाशी उठत होत्या, आणि ते अंगणात उभे राहून स्वच्छ आभाळाचं कौतुक करत होते. स्वतःचा त्यांना मनापासून राग आला.

तिसऱ्या रविवारी, शेगडी पेटवायच्या आधी, काका शेजारच्या तिन्ही घरी जाऊन आले. दोरीवरचे कपडे आत घ्यायला सांगायला.

"पण काका," मास्तर म्हणाले, "तुमच्या शेगडीचा धूर कुठे होतो?"

"आज होणार आहे."

मास्तर स्वतः चादरी काढायला धावले.

निखारे झाले. काकांनी कोंबडी आणि कांदे जाळीवर मांडले, ढलप्या टाकल्या, झाकण लावलं. खालची झडप त्यांनी अर्धी मिटली. हात तिथेच थांबला. मग त्यांना वाटलं, पातळ धुराने काय होणार? पाचोळ्याचा धूर पातळ नव्हता. त्यांनी झडप आणखी मिटली, मग जवळजवळ पूर्णच. वरचीही केसभर ठेवली. आत जाळ तडफडला आणि झडपेतून पहिला धूर आला. आधी रेघ, मग दोरी, मग पांढराशुभ्र दाट लोट. तो अंगणभर पसरला, भिंतीवर चढला, मास्तरांच्या घराकडे निघाला.

काकांचा हात आपोआप झडपेकडे गेला. त्यांनी तो मागे घेतला. पुन्हा गेला. शेवटी ते पायरीवर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तासभर ते असे बसले होते. त्यांना चारशे चादरी दिसत होत्या.

मागे दार वाजलं. काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी लोटाकडे पाहिलं, मग हातांवर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"धूर तुमचाच का?"

"हो," काका म्हणाले.

काकू वळून आत गेल्या. त्यांना वास आला की नुसता धूर दिसला, ते कळायला मार्ग नव्हता, आणि विचारायची काकांची छाती झाली नाही.

कोंबडी बाहेर आली ती बुटाच्या पॉलिशच्या रंगाची. मुलीने पहिला घास घेतला, डोळे मोठे केले, आणि तोंडावर रुमाल धरून मोरीकडे पळाली. "बाबा, काय केलंय हे?" ती तिथून ओरडली. "आई, तू खाऊ नकोस."

पण काकूंनी घास घेतला होता. त्या सवयीप्रमाणे सावकाश चावत होत्या, समोर बघत, काम उरकावं तशा. मग चावणं थांबलं. नाक आक्रसलं. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ वाकडे झाले. हा चेहरा काकांनी आठ महिन्यांत पाहिला नव्हता.

"शी," काकू म्हणाल्या. "कडू आहे हे."

मोरीतलं पाणी बंद झालं.

"काय म्हणालीस?" काकांनी विचारलं.

"कडू. कडूजहर करून ठेवलंय तुम्ही..." आणि आपण काय बोललो ते काकूंच्या त्याच क्षणी लक्षात आलं. त्यांचा हात हवेतच राहिला. त्यांनी दुसरा तुकडा घेतला, पहिल्यापेक्षा मोठा, अगदी काळ्या कडेचा, आणि डोळे मिटून चावला.

मुलगी हात पुसत आली आणि बशी उचलायला गेली.

"हात लावू नकोस," काकू डोळे न उघडता म्हणाल्या.

बॉयलरकाका रडले. धुराचं आयतं निमित्त हाताशी होतं, पण ते त्यांनी पुढे केलं नाही. टेबलाशी बसून सरळ रडले.

"मी म्हटलं होतं ना, प्रयोग नकोत म्हणून?" काकूंनी डोळे उघडले.

"प्रयोग कसला? माझी शेगडी..."

"पुरे. तुम्ही झडप मिटून धूर करत बसलात, तेव्हाच मला कळलं. छंदासाठी तुम्ही धूर केला नसता." त्यांनी बशी स्वतःकडे ओढून घेतली, बोटात फिरणारी अंगठी मुठीत घट्ट धरली आणि तिसरा घास उचलला. "पुढच्या रविवारी एवढा नको. थोडा कमी करा."